माझी शाळा, माजी साला आणि दोन कीबोर्ड

याच अंकात आपल्या हार्डवेअर लॅबच्या मामांचा 'माझी शाळा' हा लेख तुम्ही वाचला असेल. (नसेल तर आधी तो वाचा. माझं हे पुराण नंतर वाचलं तरी चालेल.) अंक प्रेसला जायच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, त्या लेखाचं शीर्षक काय होतं माहीत आहे? 'माजी साला'!

झालं असं. मामा या मे महिन्यात रिटायर होतायत. संपादक मंडळाने खूप मागे लागून त्यांच्याकडून लेख लिहून घेतला. त्यांनी फुलस्केपची बारा पानं निळ्या शाईत, सुंदर अक्षरात लिहून दिली. मराठी विभागाचं टायपिंग दरवर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडतं, यंदा माझ्या पडलं. त्यात माझं उजवं मनगट सबमिशनपासून दुखत होतं. लॅपटॉपच्या अरुंद कीबोर्डवर दोन्ही हात मधे आणून, मनगटं बाहेर वाकवून तासन्‌तास टाइप केलं की असं होतं म्हणे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हात खांद्यांच्या रुंदीइतके लांब ठेवून टाइप कर. त्यासाठी दोन तुकड्यांचे खास कीबोर्ड मिळतात, पण त्यांची किंमत बघून मी ब्राउझरच बंद केला. मग एका सीनियरने अक्कल दिली : दोन साधे यूएसबी कीबोर्ड घे, एक डावीकडे ठेव, एक उजवीकडे. डाव्या हाताने डाव्याचा अर्धा भाग वापरायचा, उजव्या हाताने उजव्याचा. झाला स्प्लिट कीबोर्ड! एक कीबोर्ड रूममेटचा घेतला, एक मामांनीच लॅबच्या भंगारातून काढून दिला. दिसायला विचित्र दिसत होतं, पण मनगटाला खरंच आराम पडला.

शुक्रवारी रात्री मी कागदावर नजर ठेवून नऊ पानं टाइप केली. स्क्रीनकडे फारसं बघितलंच नाही. शनिवारी सकाळी प्रिंट काढून मामांना नेऊन दिली आणि कँटीनला गेले. परत आले तर मामा चष्मा कपाळावर चढवून बसलेले.

"पोरी," ते म्हणाले, "शाळेला साला म्हणालीस ते एक वेळ चालेल. पण गुरुजींनी मला चडी मारली असं लिहिलंयस. छडी होती गं ती. गुरुजी फार सज्जन माणूस होता."

मी प्रिंट बघितली. खिडकीची किडकी, घंटेची गंटा, फळ्याचा पला. एका ठिकाणी मामा 'कांद्यावर दप्तर' टाकून शाळेत, सॉरी, सालेत निघाले होते. मामा हसत होते, पण प्रिंट त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आणि "जमत नसेल तर राहू दे हं, दुसरं काही छापा" असं हळूच म्हणाले. ते मला लागलं.

रूमवर येऊन पहिली गोष्ट काय केली असेल तर ती मूर्खपणाची. 'साला' शोधा, 'शाळा' घाला, सगळीकडे एकदम. कॉम्प्युटरने आज्ञाधारकपणे ४१ ठिकाणी बदल केला. त्यात मामांच्या आईच्या हातचा गोडा मसाला 'गोडा मशाळा' झाला आणि सालाबादप्रमाणे भरणारी जत्रा 'शाळाबादप्रमाणे' भरू लागली. तेव्हा लक्षात आलं की हे असं दुरुस्त होणारच नाही. ख चा क झाला की त्या क मध्ये 'मी मूळचा ख होतो' असं कुठे लिहिलेलं नसतं. 'दार' हे दार असेल किंवा धार असेल. 'बारा' म्हणजे बारा की गवताचा भारा? माहिती एकदा गळली की गळली. आणि राहिलेली तीन पानं टाइप करायचीच होती. म्हणजे चूक जिथे होतेय तिथेच जाऊन पकडायला हवी होती.

आता जरा नीट बघू या. चुका कोणत्या झाल्या होत्या? ख, घ, छ, झ, ढ, थ, ध, फ, भ, श, ळ. बरोबर काय आलं होतं? आ, ई, ए, उ आणि ण. 'आई' नीट होती, 'पाणी' नीट होतं. ज्यांना इनस्क्रिप्ट येतं त्यांच्या डोक्यात एव्हाना ट्यूब पेटली असेल. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगते. इनस्क्रिप्ट हा आपल्या भाषांसाठीचा सरकारी कीबोर्ड आहे, १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातही तो दिलेला आहे. त्याची रचना मोठी शहाणपणाची आहे : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. (म, न, व तेवढी खालच्या ओळीत डावीकडे सरकलीत.) आणि जोड्या शिफ्टवर. क च्या बटणावर शिफ्ट दाबली की ख, ग वर घ, द वर ध, ल वर ळ, स वर श. डावीकडे तसंच, मात्रेवर शिफ्ट दाबली की अख्खा स्वर : काना असेल तिथे आ, दुसरी वेलांटी असेल तिथे ई. म वर शिफ्ट दाबली की ण.

आणि माझी एक वाईट सवय अशी की उजवीकडची शिफ्ट मी जन्मात कधी दाबलेली नाही. सगळीकडे डावी करंगळीच. म्हणजे आ आणि ण टाइप करताना शिफ्ट आणि अक्षर दोन्ही डाव्या कीबोर्डवर, तिथे काम बरोबर. ख टाइप करताना मात्र शिफ्ट डाव्या कीबोर्डवर आणि क उजव्या कीबोर्डवर. तिथेच सगळं फिसकटत होतं. डाव्याची शिफ्ट उजव्याला कळतच नव्हती.

रूममेटचं म्हणणं, "भंगारातला कीबोर्ड आहे, फेकून दे." असं म्हणणं सोपं असतं. पण उजवा कीबोर्ड एकटा वापरला, त्याचीच शिफ्ट आणि त्याचाच क, तर ख व्यवस्थित उमटत होता. डावाही एकटा ठणठणीत. म्हणजे दोघांचा दोष नाही, दोघांच्या मधे काहीतरी आहे.

इथे बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा प्रवास समजून घ्यायला हवा, नाहीतर आपण अंधारात दगड मारत बसतो. बटण दाबलं की कीबोर्ड यूएसबीवरून कर्नलला कळवतो. कर्नल प्रत्येक कीबोर्डसाठी 'इव्हेंट' नावाची वेगळी फाइल उघडून ठेवतो आणि तिच्यात नुसते आकडे टाकतो. डाव्या शिफ्टचा आकडा ४२, जिथे आपला क असतो त्या बटणाचा ३७. कर्नलला क, ख, इंग्रजी, मराठी यातलं काहीही कळत नाही. त्याच्या वर डेस्कटॉप चालवणारा प्रोग्राम असतो, जुन्या पद्धतीत एक्स सर्व्हर, नव्या वेलँड पद्धतीत कंपोझिटर. तो हे आकडे वाचतो, शिफ्ट दाबलेली आहे का याची नोंद ठेवतो आणि आकडा, ती नोंद आणि लेआउटचा तक्ता असं सगळं पुढे देतो. मग आपल्या रायटरच्या खिडकीत त्यावरून ठरतं की हा क आहे की ख.

म्हणजे दोन कीबोर्ड असतील तर खरा प्रश्न हा : 'शिफ्ट दाबलेली आहे' ही नोंद कोणाच्या वहीत होते? आपल्या हॉस्टेलला पुढचं गेट आणि मागचं गेट आहे. समजा दोन्ही गेटवर वेगवेगळी रजिस्टरं आहेत. मी पुढच्या गेटवर 'बाहेर' अशी सही केली आणि मागच्या गेटने आत आले. पुढच्या रजिस्टरप्रमाणे मी अजून बाहेरच, आणि रात्री दहाला रेक्टर मॅडमचा घरी फोन! दोन्ही गेटना मिळून एकच रजिस्टर असेल तर हा घोळ होत नाही. कीबोर्डचं अगदी तसंच आहे.

आता हे मजल्यामजल्याने तपासायचं. एक सूचना आधीच देते. मराठी विभागात एकही रोमन अक्षर नको असा संपादकांचा हुकूम आहे, त्यामुळे कमांडींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितेय. टर्मिनलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची. सगळ्या कमांडी रोमनमध्ये लिहिलेला कागद हार्डवेअर लॅबच्या दारामागे चिकटवला आहे, कृपया फाडून नेऊ नये.

सगळ्यात खालचा मजला कर्नलचा. तिथे 'ईव्हीटेस्ट' ही कमांड कामाची, सुडो लावून चालवायची. ती सगळ्या इव्हेंट फाइलींची यादी दाखवते, आपला कीबोर्ड निवडायचा आणि बटणं दाबायची. दाबलं की १, सोडलं की ०, दाबून धरलं की २. मी दोन टर्मिनलमध्ये दोन कीबोर्ड लावून बसले. डावीकडे ४२ आला, उजवीकडे ३७ आला. म्हणजे दोन्ही कीबोर्ड प्रामाणिकपणे कळवत होते.

दुसरी तपासणी माझी सगळ्यात आवडती, कारण तिला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळा टेक्स्ट कन्सोल येतो. लॉगिन करायचीही गरज नाही, नाव विचारतो तिथेच डाव्या कीबोर्डची शिफ्ट धरून उजव्या कीबोर्डवर इंग्रजी के दाबा. माझ्याकडे मोठा के उमटला! कारण या कन्सोलसाठी शिफ्टचा हिशोब कर्नल स्वतः ठेवतो आणि सगळ्या कीबोर्डचा मिळून एकच ठेवतो. (परत यायला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२, तुमचा डेस्कटॉप जिथे असेल ते.) तर कन्सोलमध्ये चालतं आणि डेस्कटॉपवर चालत नाही, याचा अर्थ कीबोर्ड, वायर, यूएसबी, कर्नल सगळे निर्दोष. गुन्हेगार वरच्या मजल्यावर. ही एक चाचणी केली तरी निम्मी डोकेदुखी वाचते. कन्सोलमध्येही चाललं नसतं, तर मात्र लेआउट आणि सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नव्हता.

मग दोन्ही कीबोर्ड उचलून शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीच्या जुन्या पीसीला लावले. तिच्याकडे एक्स आहे. तिथे शिफ्ट इकडे, अक्षर तिकडे, बेधडक चालत होतं. एक्समध्ये 'एक्सइनपुट लिस्ट' दिलं की कारण दिसतं. सगळ्यात वर 'व्हर्च्युअल कोअर कीबोर्ड' नावाचा एक मास्टर असतो आणि खरे कीबोर्ड त्याच्या हाताखाली असतात. प्रोग्रामना मास्टर तेवढा दिसतो. रजिस्टर एकच. (यादीत पॉवर बटण आणि व्हिडिओ बस हेही कीबोर्ड म्हणून बसलेले दिसतील. घाबरू नका, त्यांनाही बटणं आहेत म्हणून ते तिथे. आणि 'एटी ट्रान्सलेटेड सेट २' असं अगडबंब नाव दिसलं तर तो बहुधा लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड.) एक गंमत सांगते : २००९ मध्ये आलेल्या एक्स सर्व्हर १.७ पासून तुम्ही दुसरा मास्टरही बनवू शकता. मग एकाच स्क्रीनवर दोन माउसचे दोन बाण येतात आणि दोन कीबोर्ड दोन वेगळ्या खिडक्यांत टाइप करतात. दोघी मिळून एका पीसीवर असाइनमेंट करायला छान वाटतं, पण बऱ्याच विंडो मॅनेजरना ते झेपत नाही. कोणी हा प्रयोग करून विसरलं असेल तर 'माझे दोन कीबोर्ड एकमेकांना ओळखत नाहीत' ही तक्रार तिथूनही येऊ शकते.

आता माझा लॅपटॉप. माझ्याकडे वेलँड आहे आणि कंपोझिटर 'स्वे'. (फेडोराने २०१६ मध्ये, आवृत्ती २५ पासून, वेलँड डिफॉल्ट केलं आणि आता बहुतेक नव्या डिस्ट्रोंमध्ये तेच असतं, त्यामुळे हा भाग सगळ्यांनीच वाचा.) वेलँडमध्ये सर्व्हर एकच नाही, प्रत्येक कंपोझिटर आपापल्या पद्धतीने रजिस्टर ठेवतो. ग्नोम सगळ्या कीबोर्डना मिळून एकच लेआउट आणि एकच हिशोब ठेवतो. त्यामुळे तिथे माझा त्रास होत नाही, पण एका कीबोर्डवर मराठी आणि दुसऱ्यावर इंग्रजी असं हवं असेल तर ग्नोमच्या सेटिंगमध्ये ते मिळत नाही. स्वे मात्र प्रत्येक कीबोर्डला वेगळं सेटिंग देऊ देतो, आणि मग ठरवतो की कोणाकोणाचं रजिस्टर एकत्र करायचं. ठरवायचा नियम असा : ज्या कीबोर्डांचा लेआउटचा तक्ता अगदी एकसारखा आणि बटण धरून ठेवल्यावर अक्षर पुन्हापुन्हा उमटण्याचा वेगही एकसारखा, त्यांचा एक गट. जरा जरी फरक असेल तर वेगळा गट, वेगळं रजिस्टर, आणि शिफ्टची बातमी इकडून तिकडे जात नाही.

पण माझ्या दोन्ही कीबोर्डना मराठी लेआउट एकच तर होता! मग फरक कुठला? 'स्वेएमएसजी' ला 'गेट इनपुट्स' विचारलं, लांबलचक यादी आली, दोन्हीकडे इंग्रजी आणि इंडियन दिसत होतं. तासभर त्या यादीकडे बघत बसले. शेवटी स्वेची कॉन्फिग फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. दोन महिन्यांपूर्वी रूममेटचा कीबोर्ड पहिल्यांदा लावला होता, तेव्हा त्याची कॅप्स लॉक सारखी चुकून दाबली जायची म्हणून मी फक्त त्या एका कीबोर्डच्या नावाने कॅप्स लॉकची कंट्रोल करून टाकली होती. एक ओळ. लिहिली आणि विसरले. तोच कीबोर्ड आता डावीकडे होता. त्या एका बटणामुळे त्याचा तक्ता वेगळा झाला, स्वेने त्याला वेगळ्या गटात टाकलं, आणि मामांच्या शाळेचा साला झाला.

आणि लाज वाटते सांगायला, पण सूचना आधीच मिळाली होती. शुक्रवारी संध्याकाळी ऑल्ट-शिफ्टने मराठी चालू केली तर एकाच कीबोर्डवर मराठी येत होती, दुसऱ्यावर इंग्रजीच. मी कारण शोधलं नाही. दोन्ही कीबोर्डना एकदम मराठीवर नेणारी शॉर्टकट कमांड कॉन्फिगमध्ये लिहिली आणि स्वतःवर खूश झाले. ताप उतरवला, मलेरिया तसाच ठेवला. दोन कीबोर्डांचे लेआउट वेगवेगळे बदलतायत हेच तर दोन रजिस्टरं असल्याचं लक्षण होतं.

उपाय दोन मिनिटांचा. ती ओळ एका कीबोर्डच्या नावाखालून काढली आणि 'टाइप : कीबोर्ड' असं जिथे सगळ्यांना एकच नियम लावतात तिथे टाकली. लॅपटॉपचा, डावा, उजवा, तिघांची कॅप्स लॉक कंट्रोल झाली. त्यावर आधीची ऑल्ट-शिफ्टची ओळही तिथेच जोडून लिहिली, कारण एका कीबोर्डच्या नावाने पर्याय दिले की ते सगळ्यांसाठीच्या पर्यायांच्या जागी बसतात, त्यांच्यात मिळत नाहीत. कॉन्फिग रीलोड केली. डावी शिफ्ट, उजवा क. ख! रात्री साडेअकराला ख बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

(दोन्ही कीबोर्ड एकाच मॉडेलचे असते तर हा प्रसंगच आला नसता. स्वे कीबोर्ड ओळखतो तो कंपनीचा नंबर, मॉडेलचा नंबर आणि नाव यावरून. जुळ्या भावांना तो एकच समजतो, नियमही दोघांना एकच लागतो. हे कधी सोयीचं, कधी गैरसोयीचं.)

ज्यांना कीबोर्ड मुद्दाम वेगळे ठेवायचेत, तरी शिफ्ट एकत्र हवी आहे, त्यांनी 'कीडी' हा प्रोग्राम बघावा. तो कर्नलच्या जवळच खऱ्या कीबोर्डांना ताब्यात घेतो आणि वरच्या मजल्याला एकच काल्पनिक कीबोर्ड दाखवतो. मात्र मग वरच्या मजल्यावर खऱ्या कीबोर्डांच्या नावाने केलेली सेटिंगं चालत नाहीत, कारण त्यांच्याकडून काही येतच नाही. हे विसरलं की पुन्हा तासभर डोकं धरून बसायचं.

आता आला विषय तर हॉस्टेलमध्ये या वर्षी माझ्याकडे आलेल्या बाकीच्या केसेसही सांगून टाकते. एकीच्या लॅपटॉपवर चहा सांडला आणि ५ चं बटण आपोआप दाबलं जाऊ लागलं. बाहेरचा कीबोर्ड लावला तरी ५५५५ चालूच, कारण रजिस्टर एकच! तिथे आतला कीबोर्ड बंद करायचा. एक्समध्ये 'एक्सइनपुट डिसेबल' आणि यादीतला त्याचा आयडी, स्वेमध्ये त्या कीबोर्डला 'इव्हेंट्स डिसेबल्ड'. पण हे लॉगिननंतरच लागू होतं, पासवर्ड टाकताना ५५५५ येतच राहतात. ज्या लॅपटॉपचा कीबोर्ड जुन्या पीएस/२ पद्धतीने जोडलेला असतो, तिथे बूटच्या वेळी कर्नलला 'आय८०४२ डॉट नोकेबीडी' हा पर्याय देता येतो, मग कर्नल त्याच्याकडे बघतच नाही. आणि बायांनो, बंद करण्याआधी बाहेरचा कीबोर्ड नक्की चालतोय ना ते बघा. मी नेहमी 'बंद कर, तीस सेकंद थांब, चालू कर' अशी एकत्र कमांड देऊन आधी तपासते. एकीने चुकीचा आयडी देऊन दोन्ही बंद केले आणि पॉवर बटण दाबून धरावं लागलं. रिपोर्ट सेव्ह केलेला नव्हता. पुढचं लिहीत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार : "कीबोर्ड काढून परत लावला की मराठी जाते." हे एक्समध्ये, आणि विशेषतः नुसता विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांकडे होतं. 'सेटएक्सकेबीमॅप' ही कमांड त्या क्षणी जोडलेल्या कीबोर्डांना लेआउट लावते. नंतर जोडलेला कीबोर्ड नवा पाहुणा, त्याला सिस्टिमचा मूळ लेआउट मिळतो. बटण धरल्यावरच्या वेगाचंही तसंच. त्यावर रोज कमांड देत बसण्यापेक्षा 'लोकलसीटीएल' ने किंवा एक्सच्या कॉन्फिग फाइलीत 'इनपुटक्लास' लिहून मूळ लेआउटच बदलावा. एकाच कीबोर्डला वेगळा लेआउट हवा असेल तर त्या कमांडीला डॅश डिव्हाइस लावून आयडी द्यायचा, पण हा आयडी काढघाल केल्यावर बदलू शकतो, पाठ करू नका. आणि एवढं करूनही लेआउट आपोआप पूर्ववत होत असेल तर आयबसवर संशय घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिमचाच कीबोर्ड लेआउट वापर' असा एक चौकोन असतो, तो टिक केला की तो मधे लुडबूड करत नाही.

खरे दोन तुकड्यांचे कीबोर्ड घेणारे भाग्यवानही आहेत. त्यांचा हिशोब वेगळा. तिथे दोन तुकडे आपसात वायरने बोलतात आणि लिनक्सला एकच कीबोर्ड दिसतो, त्यामुळे एक तुकडा मेला तर लिनक्सला शिव्या देऊ नका. वायर, तिचं सॉकेट आणि आतलं फर्मवेअर बघा. यूएसबी चालू असताना मात्र ती मधली वायर काढू-घालू नका. हेडफोनसारखी पिन असते ती, आत जाताना चुकीच्या ठिकाणी टेकते आणि शॉर्ट होऊ शकतं.

असो. शनिवारी रात्री बारा वाजता आम्ही दोघी बसलो. रूममेटने मामांची मूळ पानं मोठ्याने वाचायची, मी फाइलीत ख, घ, ध, भ, श, ळ परत करायचे. पहाटे तीनपर्यंत नऊ पानं झाली, उरलेली तीन पानं रविवारी नव्याने टाइप केली. सोमवारी सकाळी प्रेसला जायच्या आधी प्रिंट घेऊन लॅबमध्ये गेले. मामांनी चष्मा लावला, उभ्या उभ्या बारा पानं वाचली. शीर्षकावर दोनदा बोट फिरवलं. मग खिशातून लाल पेन काढून सातव्या पानावर एकच गोल केला.

"हे मात्र कीबोर्डवर ढकलू नकोस," म्हणाले.

पहाटे तीन वाजता, झोपेत, मी गोडा मसाल्यातला ग सुद्धा सुधारला होता. मामांची आई आमटीत 'घोडा मसाला' घालत होती.